आजी नरकात गेली, असं दादा म्हणतो

काकू, सप्रेम सलाम.

आम्ही कोल्हापूरचे. पप्पांकडून तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, जुन्या प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंट) मंडळीतले. आई हिंदू घरातली. लग्नाआधी तिनं बाप्तिस्मा घेतला, पण माहेर कधी तुटलं नाही. आजी, म्हणजे आईची आई, शिवाजी पेठेत राहायची. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईला जायची आणि नाताळच्या उपासनेला आमच्यासोबत येऊन मागच्या बाकावर बसायची. गेल्या महिन्यात ती वारली. रक्षाविसर्जनाला आई, पप्पा आणि मी पंचगंगेवर गेलो, दादा आला नाही. तो अलीकडे एका नव्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थना-मंडळीला, जातो. त्या रात्री आई रडत होती, तर तो म्हणाला, "रडून काय होणार? तिला सुवार्ता माहीत होती, तिनं स्वीकारली नाही. ती आता नरकात आहे आणि तिथून सुटका नाही. लूक सोळा वाच."

तेव्हापासून आई घरच्या प्रार्थनेला बसत नाही. दादाचं ताट वाढते आणि आत निघून जाते. पप्पा म्हणतात, विषय काढू नका. माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करता येते. ऑफिसातले एक सर सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आहेत, ते म्हणतात की नरकात आत्ता कुणीच नाही. सगळे एकच पवित्र शास्त्र वाचतात, मग खरं काय? आईला मी काय सांगू? आणि तेराव्याचं जेवण आम्ही जेवलो, ते चुकलं का?

– एक नात, कोल्हापूर


पोरी,

जेवणाचं आधी सांगून टाकते, कारण त्याला फार वेळ लागत नाही. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलानं पत्रातून हेच समजावलंय. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, उगाच चौकशा करत बसू नका. दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तेवढा विचार करा. तुम्ही पूजेला बसला नाहीत. आईच्या माहेरी, आईच्या आईच्या दुःखात चार घास खाल्लेत. आणि न जाता घरी बसला असतात, तर मामा-मामींच्या मनाला किती लागलं असतं, तेही पौलाच्याच हिशेबात धरायला हवं.

आता मुख्य गोष्ट. दादा एका दमात दोन गोष्टी बोलला आणि तू त्या एकच समजून घाबरलीस. नरक आहे आणि तिथली शिक्षा संपत नाही, ही पहिली. आपली आजी तिथं आहे, ही दुसरी. पहिलीवर ख्रिस्ती मंडळ्यांत शेकडो वर्षं वाद चालू आहे आणि दादाची बाजू त्यातली एक जुनी, वजनदार बाजू आहे. दुसरी म्हणायचा अधिकार त्याला कुठल्याच मंडळीनं दिलेला नाही. त्याच्या फेलोशिपनं दिला असेल, तर त्यांनी तो कुठून आणला हे त्यांना विचारायला हवं.

आधी तुझे सर. अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी १८६३ साली अमेरिकेत उभी राहिली. त्यांच्या मते माणूस मेला की झोपल्यासारखा असतो, त्याला कसलीच जाणीव नसते. ख्रिस्त परत येईल तेव्हा पुनरुत्थान, मग न्याय. आणि ज्यांनी देवाला नाकारलं, त्यांचा छळ युगानुयुगं चालत नाही, ते नाश पावतात, संपतात. ते उपदेशकाच्या पुस्तकातलं वचन काढतात, की मेलेल्यांना काहीच कळत नाही. प्रकटीकरणातलं अग्निसरोवर काढतात आणि विचारतात, ज्याला शास्त्र स्वतः दुसरं मरण म्हणतं ते जिवंत ठेवून छळणं कसं असेल? दादा म्हणेल, ते वेगळ्या पंथाचे. मग त्याला जॉन स्टॉटचं नाव सांग. लंडनचा अँग्लिकन धर्मोपदेशक, जगभरच्या इव्हँजेलिकल, म्हणजे शास्त्र आणि सुवार्ता घट्ट धरणाऱ्या, लोकांत अतिशय मान असलेला. त्यानंही १९८८ साली, फार जपून का होईना, छापून सांगितलं की दुष्टांचा शेवट नाशात होतो याकडे आपला कल आहे. त्यावरून त्याला आपल्याच माणसांकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण त्याला मंडळीबाहेर कुणी काढलं नाही.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं नीट समजून घे, कारण त्यात लोकांची हमखास गल्लत होते. कॅथलिक लोक ज्याला पर्गेटरी म्हणतात, तो नापास झालेल्यांना मिळणारा दुसरा चान्स नव्हे. जे देवाच्या कृपेत मेले पण पुरते शुद्ध झाले नाहीत, त्यांचं शुद्धीकरण तिथं होतं. त्यांच्यासाठी २ नोव्हेंबरला सगळीकडे मिस्सा होतात. फ्लॉरेन्सच्या आणि पुढं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ही शिकवण पक्की केली. नरक कॅथलिकही मानतात आणि तो कायमचा मानतात. फक्त एक बघ. ही मंडळी आजवर कितीतरी माणसांना संत म्हणून जाहीर करत आली, पण अमुक माणूस नरकात गेला असं तिनं एकाही माणसाचं नाव घेऊन अधिकृतपणे सांगितलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचंसुद्धा नाही. आणि १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत त्यांनी लिहून ठेवलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला जागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स लोकांना विचारलंस तर ते पर्गेटरी मानत नाहीत म्हणतील, आणि तरीही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतील.

आपण प्रॉटेस्टंट लोकांनी ते मधलं दालन काढून टाकलं. पापक्षमेची पत्रं पैसे घेऊन वाटली जात होती, त्याविरुद्ध ल्यूथर १५१७ साली उभा राहिला. काही वर्षांत पर्गेटरीच गेली आणि मेल्यावर दोनच वाटा उरल्या. दादाच्या बोलण्यातला कडकपणा थोडा तिथूनही आलाय. त्याआधीही सगळं एकमतानं चाललं होतं असं नाही. ऑगस्टीननं पाचव्या शतकात सार्वकालिक अग्नीची बाजू भक्कमपणे मांडली. पण त्याच्या थोडं आधी, चौथ्या शतकात, निस्साचा ग्रेगरी शेवटी सर्वांचाच उद्धार होईल अशा आशेनं लिहीत होता, आणि त्याला पूर्वेकडचे-पश्चिमेकडचे दोघंही संत मानतात. त्याहून जुना धर्मपंडित ओरिजेन, त्याची तशीच शिकवण मात्र ५५३ च्या परिषदेच्या सुमारास धिक्कारली गेली. म्हणजे हा वाद आजकालच्या लोकांची मनं मऊ झाली म्हणून निघालेला नाही.

दादाला जवळचा वाटेल असा इतिहास हवा असेल तर तो आपल्याच भागात आहे. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वाइल्डर आधी अहमदनगरला होते, १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. तुमची मंडळी ज्या मिशनमधून वाढली त्याचं मूळ तिथं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. मोठेपणी अमेरिकेत हजारो तरुणांना मिशनकार्याला बाहेर काढणारी विद्यार्थ्यांची चळवळ १८८६ मध्ये सुरू झाली, तिच्या मुळाशी असलेल्यांपैकी तो एक. करोडो लोक सुवार्ता न ऐकताच नाशाला चाललेत, ही तळमळ त्या चळवळीत होती. आणि नेमक्या त्याच वर्षी, अहमदनगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम रजेवर अमेरिकेत असताना वेगळंच बोलून गेले. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नाव या जन्मात नीट गेलंच नाही, त्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळू शकते, असं मानणाऱ्या अमेरिकेतल्या अँडोव्हर धर्मविद्यालयाच्या पंडितांची त्यांनी बाजू घेतली. झालं. त्यांना परत हिंदुस्थानात पाठवायचं की नाही यावरून मिशन बोर्डात रण माजलं. शेवटी १८८७ मध्ये ते नगरला परतले आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच राबले.

मला या ह्यूमसाहेबांचं फार वाटतं. ते मुंबईत जन्मलेले, मिशनऱ्याचाच मुलगा. बोस्टनमध्ये बसून नरकावर लिहिणं सोपं होतं. यांच्या डोळ्यांपुढं नगर जिल्ह्यातल्या गावांतली खरी माणसं होती, ओळखीची, नावानिशी. तुझ्या आईला जो प्रश्न आज छळतोय तोच त्यांना छळत होता. त्यांचं उत्तर तू मान असं मी म्हणत नाही. मलाही ते सगळं पटत नाही, कारण मृत्यूनंतरच्या संधीबद्दल शास्त्रात जे आहे ते पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या एक-दोन अवघड वचनांवर तोललेलं आहे. पण हा प्रश्न विचारणारा माणूस विश्वासात कच्चा असतो, असं दादा म्हणाला तर त्याला ह्यूमसाहेब दाखव.

आणि तुमच्या घराण्याच्या मंडळीचं स्वतःचं म्हणणं काय? वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, १६४६ चा, कडक आहे. दुष्टांना सार्वकालिक शिक्षा, त्यात तडजोड नाही. त्यातल्या एका कलमावरून लोकांना वाटायचं की तारणासाठी देवानं निवडलेली नसलेली तान्ही बाळंसुद्धा नाशाला जातात. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीनं खुलासा जोडला, की तान्हेपणी वारलेली सगळी मुलं देवाच्या कृपेत आहेत असंच आम्ही मानतो. ज्यांची लेकरं गेली होती अशा किती आयांनी त्याआधीची अडीचशे वर्षं रात्री जागून काढल्या असतील, कोण जाणे. त्याहून जुना एक कागद आहे, झुरिकचा धर्मसुधारक बुलिंगर यानं लिहिलेला, १५६६ चा. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीच्या विश्वासपत्रांच्या संग्रहात तो आजही आहे. त्यात लिहिलंय की आपले कोण हे देवाला ठाऊक, पण आपण सर्वांविषयी चांगलीच आशा धरावी आणि कुणालाही उतावीळपणे टाकलेल्यांत मोजू नये. हे लिहिणारे लोक नरक मानत होते, दादापेक्षा काकणभर जास्तच. तरी नाव घेऊन बोलायला ते धजले नाहीत.

बुलिंगर तिथं लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाकडं बोट दाखवतो. दादा सोळावा वाच म्हणतो ना, त्याला म्हण, आधी तेरावा वाचू. कुणीतरी येशूला विचारतं, प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत का? येशू आकडा सांगत नाही, कुणाचं नाव सांगत नाही. ऐकणाऱ्यांनाच म्हणतो, अरुंद दारानं आत जायचा तुम्ही कसून प्रयत्न करा. मग सोळावा वाचा, माझी काही हरकत नाही. त्यात येशूनं सांगितलेली गोष्ट आहे, श्रीमंत माणूस आणि भिकारी लाजर. तो श्रीमंत ज्वाळेत आहे हे खरं, मधली दरी ओलांडता येत नाही हेही खरं. पण तो तिथं का गेला, ते दादाला शोधू दे. दारात फोडांनी भरलेला माणूस पडला होता आणि याला तो दिसला नाही. आजीच्या दारात आलेला कुणी रिकाम्या हातानं परत गेला होता का, ते तुम्हा दोघांना माहीत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर न्यायाच्या दिवशी वेगळी केलेली माणसं, मेंढरं म्हणजे तारलेली आणि शेरडं म्हणजे टाकलेली, दोघंही चकित होतात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? आपण कुठल्या बाजूला उभे आहोत याचा त्या दिवशी दोघांनाही पत्ता नव्हता, आणि आपण दुसऱ्याची बाजू कोल्हापुरात बसून ठरवतोय.

दादा लगेच म्हणेल, कर्मांनी तारण होत नाही, विश्वासानं होतं. बरोबर आहे त्याचं. मीही तेच मानते. आणि तो म्हणेल, आजीनं सुवार्ता ऐकली होती, त्यामुळे न ऐकलेल्यांची सवलत तिला लागू नाही. हा त्याचा खरा मुद्दा आहे आणि मी तो टाळणार नाही. पण ऐकणं म्हणजे काय, पोरी? नाताळच्या दिवशी मागच्या बाकावर बसून गीतं कानावर पडणं? लेकीनं धर्म बदलला तेव्हा भाऊबंदांची बोलणी खाल्ली, त्या गडबडीत जे समजलं ते? तिच्या मनात शेवटच्या आठवड्यात काय चाललं होतं, ते तुलाही माहीत नाही, दादालाही नाही. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या आणि शेवटच्या घटकेला त्याच्याकडून स्वर्गाचं वचन मिळालेल्या चोराची आई कुठं दूर गावात असती आणि तिला नुसतं एवढंच कळलं असतं की पोरगा चोर म्हणून मेला, तर तिनं काय समजून दिवस काढले असते?

म्हणून आजी स्वर्गात आहे, असंही मी तुला लिहून देणार नाही. तुझ्या पत्रात तुला तेच हवंय, हे मला दिसतंय. दादाकडं दाखला द्यायचा अधिकार नाही तसा माझ्याकडंही नाही. मी स्वतः नरक मानते. या जगात बाईला जाळून मोकळे सुटलेले, गरिबाची जमीन गिळून सन्मानानं मेलेले लोक मी पाहिलेत. न्यायाचा दिवसच नाही म्हटलं तर माझा देवावरचा विश्वास डगमगेल. पण तो न्याय ज्याच्या हातात आहे, तो त्याच लोकांसाठी मेला. अब्राहामानं पापी सदोम नगर वाचवण्यासाठी घासाघीस करताना देवाला विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्यायाधीश न्यायानं वागणार नाही का? आजीच्या बाबतीत मला एवढं पुरतं.

आता दादा. तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि मला वाटतं, त्या घरात आजीच्या जाण्यानं सगळ्यात जास्त तोच हादरलाय. तो रक्षाविसर्जनाला आला नाही, कारण त्याला यायची भीती वाटली असेल. त्याच्या फेलोशिपमध्ये शिकवतात की प्रत्येक विश्वासणाऱ्यानं साक्ष द्यायची, नाहीतर त्या माणसाच्या रक्ताचा दोष आपल्यावर. यहेज्केलातलं पहारेकऱ्याचं वचन हमखास सांगतात. तो आजीशी बोलला नसेल. किंवा बोलला असेल आणि आजीनं हसून त्याच्या हातावर लाडू ठेवला असेल. आता तो स्वतःला दोषी धरतोय आणि ते ओझं पेलत नाही म्हणून आजीवर टाकतोय. "तिनं स्वीकारलं नाही" हे त्याचं वाक्य मला तरी तसंच ऐकू आलं.

त्यामुळे त्याच्याशी वचनांची कुस्ती खेळू नकोस. कोल्हापूरची असलीस तरी. वचनं त्याला तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतील आणि तू हरलीस तर त्याला वाटेल देव जिंकला. एखाद्या संध्याकाळी त्याला रंकाळ्यावर घेऊन जा, आईच्या कानाआड, आणि सरळ विचार, "दादा, आजीशी तुझं शेवटचं बोलणं काय झालं?" मग गप्प राहा. तो रडला तर रडू दे. नाही रडला, चिडला, तर घरी या आणि आठवड्यानं परत विचार. वर सांगितलेलं ह्यूम-बुलिंगर हे सगळं त्यानंतर, त्यानं मागितलं तर.

एक गोष्ट मात्र त्याला स्पष्ट सांगायची, आणि ती मऊ करून सांगू नकोस. तू नरक मान, शिकव, तुझ्या फेलोशिपमध्ये त्यावर बोल. आईसमोर आजीचं नाव घेऊन ते वाक्य परत बोलायचं नाही. मरीया-मार्थेचा भाऊ लाजर (वरच्या गोष्टीतला नव्हे) मेला हे ठाऊक असताना, त्याला उठवणार हे ठाऊक असताना, येशू मरीयेला आणि मार्थेला रडू नका म्हणाला नाही. स्वतः रडला. दादाला एवढं एक वचन पुरे आहे.

आईला तू काय सांगू म्हणतेस. आधी काही सांगू नकोस, तिला विचार. तिला खरंच आजीच्या आत्म्याची काळजी लागलीय, की पोटच्या पोरानं आपल्या आईला असं म्हटलं याचं दुःख आहे, की आणखी काही? माझा अंदाज तिसरा आहे. तिनं स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि आई मागं राहिली. तीस वर्षं हा काटा तिच्या मनात असणार. दादानं तोच नेमका दाबला. आपण आईला सोडून पुढं गेलो, असं काहीसं. ते तिच्या तोंडून बाहेर आलं, तर तिला पौलाचं रोमकरांस पत्र, नववा अध्याय, सुरुवातीच्या ओळी वाचून दाखव. आपल्या रक्ताच्या माणसांसाठी, त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नाही म्हणून, हा माणूस म्हणतो की त्यांच्याऐवजी मीच ख्रिस्तापासून तुटलो असतो तर बरं. एवढा मोठा प्रेषित, आणि त्यालाही ही वेदना होती. ती विश्वास कमी असल्याची खूण नाही हे तिला त्याच्याकडून कळलं तर बरं, तुझ्या-माझ्याकडून नको.

मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी का, हे तू वेगळं विचारलं नाहीस, पण मैत्रिणीचं सांगितलंस म्हणून लिहिते. आपल्या मंडळीत ती शिकवण नाही. आईनं आजीसाठी देवाकडं काही मागितलंच, तर तिच्या हातातून ते काढून घेऊ नका. ती नियम मोडतेय असं देवाला वाटेल, यावर माझा विश्वास नाही.

ती घरच्या प्रार्थनेला बसत नाही म्हणून तिच्या मागं लागू नका. दादानं माफी मागितली तरी ती लगेच बसेल असं नाही. प्रार्थना मात्र चालू ठेवा, तिच्या खोलीचं दार उघडं असेल अशा जागी बसा आणि गीत तिच्या ओळखीचं घ्या. तुमच्या पाळकांना घरी बोलवायचं असेल तर आधी आईला विचार. तिनं हो म्हटलं तर त्यांना अगोदर सांगून ठेव की प्रवचन नको, नुसते चहाला या.

पप्पांना हे पत्र वाचायला दे. विषय काढू नका म्हणणं त्यांच्या दृष्टीनं शांतता राखणं आहे, पण त्या घरात बोलायचं कुणी, हे त्यामुळे एकट्या तुझ्यावर आलंय, आणि दादाला "हे वाक्य परत नाही" असं सांगायचं काम खरं तर त्यांचं आहे. त्यांनी केलं तर फारच उत्तम. नाही केलं, तर तू कर.

तुझी,
काकू